पात्रावर जीव जडायला किती पानं लागतात? फँटसीकडे परतणाऱ्यांसाठी

लहानपणी चांदोबा, सिंहासन बत्तीशी, वेताळ पंचविशी, मग 'हॅरी पॉटर आणि परीस'. तिथवर आलं आणि पुढे अद्भुताचं वाचन सुटलं. आता पस्तिशी-चाळिशीत पुन्हा त्या गल्लीत शिरावंसं वाटतं. असे वाचक परततात ते बहुतेक वेळा चुकीच्या दारातून. सगळ्यांत जाड, सगळ्यांत नावाजलेलं पुस्तक उचलायचं, नकाशा उलगडायचा, पहिल्या चाळीस पानांत पंचवीस-तीस नावांशी झटापट करायची आणि 'आपलं वय राहिलं नाही' म्हणत पुस्तक उशाशी ठेवून द्यायचं.

वयाचा यात काही दोष नाही. लहानपणी आपल्याला वस्तू आवडायच्या: उडता गालिचा, बोलणारं प्रेत, बत्तीस पुतळ्यांचं सिंहासन. विक्रम राजा पहिल्या गोष्टीत जसा असतो तसाच शेवटच्या गोष्टीत असतो, आणि त्या प्रकारच्या कथेला तेवढंच पुरतं. मोठ्या माणसाचं डोकं मात्र गालिचा दिसला की इंधनाचा हिशोब मागतं. माणूस खरा वाटला तर तेच डोकं गालिचाबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून परतताना जग निवडू नका, माणूस निवडा.

कोणाबरोबर राहायचं ते आधी ठरवा

सध्या तुम्हाला कोणाची सोबत झेपेल? पुस्तकाच्या दुकानात 'बेस्टसेलर'चा स्टिकर बघण्याआधी हा प्रश्न सोडवा.

कामाने पिचलेला, कडवट पण आतून सरळ माणूस हवा असेल तर टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड'मधला पोलीस अधिकारी सॅम व्हाइम्स. या मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत आणि नवखा वाचक प्रामाणिकपणे १९८३ च्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करून तिथेच अडकतो. ते पुस्तक मुख्यतः इतर फँटसींची टर उडवण्यात रमलेलं आहे, त्यात जीव लावावा असं माणूस कमी. व्हाइम्ससाठी थेट १९८९ चं 'गार्ड्स! गार्ड्स!' उघडा. सुरुवातीला हा गृहस्थ दारू पिऊन गटारात पडलेला भेटतो. पोलिसांच्या आठ कादंबऱ्या क्रमाने वाचल्या तर 'थड!'पर्यंत (२००५) तोच माणूस, शहर पेटलेलं असतानाही, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला घरी पोचायचं म्हणून जिवाचा आटापिटा करतो, कारण तान्ह्या मुलाला रोजचं चित्रपुस्तक वाचून दाखवायचं असतं. हा प्रवास पुढच्या पुस्तकांच्या मागच्या कव्हरवरून कळून घेण्यात मजा नाही.

मोठ्या दरबारात एकटा पडलेला, चांगलं वागण्याचा हट्ट न सोडणारा पोरगा हवा असेल तर कॅथरिन ॲडिसनच्या 'द गॉब्लिन एम्परर'मधला (२०१४) माया. बाप आणि तिघे थोरले भाऊ हवाईजहाजाच्या अपघातात गेले, म्हणून अठराव्या वर्षी हा नकोसा मुलगा सम्राट होतो. लढाया जवळपास नाहीत. फायली, बैठका, मानपान आणि टोमणे मात्र भरपूर. सरकारी कचेरीत किंवा मोठ्या एकत्र कुटुंबात वावरलेल्या माणसाला त्यातली घुसमट समजावून सांगावी लागत नाही.

आणि ज्याला कमी पानांत खोल पाण्यात उतरायचंय त्याच्यासाठी उर्सुला ले ग्विनचा गेड. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) हे आमच्या मते परतण्याचं सर्वांत चांगलं दार आहे. ते आटोपशीर आहे, शिवाय चूक नायकाची स्वतःची आहे. बरोबरीच्या मुलाला दाखवून देण्याच्या भरात गेड नको ती विद्या वापरतो, एक सावली मोकळी सुटते, आणि आजारातून उठल्यावर तोंडाळ पोराचा अबोल माणूस झालेला असतो. मत्सरातून हातून काहीतरी होऊन गेलं आणि मग ते पाठीमागे लागलं, हे चाळिशीतल्या वाचकाला बाराव्या वर्षापेक्षा जास्त कळतं.

रॉबिन हॉबचा फिट्झ ('असॅसिन्स ॲप्रेंटिस', १९९५ पासून) मात्र जरा जपून. स्वतःच स्वतःची गोष्ट सांगणारं इतकं जवळचं पात्र फँटसीत विरळा, पण तिथे सुख औषधापुरतं आहे. घरात आजारपण किंवा नुकतंच काही दुःख झालेलं असेल तर सहा महिने थांबा.

वेळेचा हिशोब

सवयीच्या भाषेत मोठा माणूस मिनिटाला साधारण २०० शब्द आरामात वाचतो. रोज अर्धा तास म्हणजे ६,००० शब्द. अर्थसीचा पहिला भाग ६० हजार शब्दांच्या आत आहे, म्हणजे दहा दिवस. टोल्किनचं तीन खंडांचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' परिशिष्टं सोडून सुमारे ४ लाख ८० हजार शब्दांचं, म्हणजे ८० दिवस. रॉबर्ट जॉर्डनची 'द व्हील ऑफ टाइम' ही चौदा खंडांची मालिका सुमारे ४४ लाख शब्दांची. तिला याच वेगाने दोन वर्षं लागतात, तीही एक दिवस न चुकता. लेखकाला स्वतःलाही ती पुरी करता आली नाही. त्याच्या निधनानंतर शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने लिहिले. परतीचं पहिलं पुस्तक म्हणून ती घेणं म्हणजे चालायची सवय मोडलेल्याने एकदम पंढरीची वारी धरणं.

रोजचा अर्धा तास हा रविवारच्या सहा तासांपेक्षा चांगला. एका बैठकीत रेटून वाचलं की कथानक लक्षात राहतं, माणसं राहत नाहीत. रोज थोडं वाचलं की मधल्या साडेतेवीस तासांत पात्र डोक्यात राहायला येतं. भाजी निवडताना 'आता हा काय करणार' असा विचार आपोआप चालू होतो, आणि जीव जडण्याचं निम्मं काम त्या रिकाम्या वेळातच होतं.

पहिली साठ पानं

पुस्तकासोबत एक पातळ वही ठेवा आणि तिच्यातलं एकच पान वापरा. चार रकाने: नाव, कोणाचं कोण, हवंय काय, लपवतंय काय. नावं बारापर्यंतच. तेरावं नाव लिहावंसं वाटलं तर आधीचं एखादं खोडावं लागेल, म्हणजे कोण महत्त्वाचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. शेवटचे दोन रकाने सुरुवातीला कोरे राहतात. ते भरू लागले की समजा पुस्तक पकडीत आलं.

नावाचा उच्चार एकदाच देवनागरीत लिहून पक्का करा. चुकला तरी चालेल, पण दर पानावर बदलू नका. डोळ्याला ओळखू येणारं पण तोंडाला न बसलेलं नाव मनात रुजत नाही. टोल्किनच्या एल्फ नावांत इंग्रजी 'सी' हे अक्षर नेहमी 'क' असतं, म्हणून 'केलेबॉर्न', 'सेलेबॉर्न' नव्हे. सॉरॉन आणि सारुमान ही दोन वेगळी माणसं आहेत हे कळायला भल्याभल्यांना शंभर पानं लागतात. एकासमोर 'डोळा' आणि दुसऱ्यासमोर 'मनोरा' असं लिहून ठेवा. एकाच माणसाला अनेक नावं असतील (ॲरागॉर्न आधी 'स्ट्रायडर' म्हणून भेटतो, गॅन्डाल्फला मिथ्रँडिरही म्हणतात) तर सगळी एकाच ओळीत.

नकाशाची झेरॉक्स काढून तीच खूण म्हणून पानांत ठेवा. ई-बुकात नकाशा अंगठ्याएवढा दिसतो आणि दर वेळी मागे जाऊन यायचा कंटाळा येतो. पदपथावर मिळणाऱ्या नकली आवृत्त्यांत तर नकाशाचं पान कधी गायब, कधी शाईचा डाग झालेलं. जुनी पुस्तकं घेताना खंडाचा क्रमांकही तपासा. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर तीन खंडांच्या मालिकेतला नेमका दुसराच खंड हाताला लागतो, हा नियमच समजा.

काय गाळायचं? टोल्किनची हॉबिटांच्या, म्हणजे त्याच्या बुटक्या लोकांच्या, चालीरीतींवरची प्रस्तावना, वंशावळ्या, गाणी हे सगळं पहिल्या वाचनात खुशाल सोडा. लढाईतल्या डाव्या-उजव्या फळीची मांडणीही. पण जेवण, मुक्काम, वाटचाल, शिळोप्याच्या गप्पा यांतली एक ओळ गाळू नका. घाईतला वाचक नेमकं उलट करतो. लढाया चवीने वाचतो, स्वयंपाक चाळतो. मग 'पात्रांशी नातं जुळत नाही' अशी तक्रार. नातं जुळतं ते काही घडत नसतानाच. टोल्किनच्या नायकाचा, फ्रोडोचा, नोकर सॅम गॅमजी घरून स्वयंपाकाची भांडी पाठीवर घेऊन निघतो, वाटेत सशाचं कालवण रांधतो, त्यासाठी पाला-मसाला शोधत बसतो. हे सगळं सावकाश वाचलेलं असेल तर शत्रूच्या मुलखात, मॉर्डॉरमध्ये, ओझं कमी करायला तो ती भांडी दरीत टाकतो तेव्हा तो खडखडाट तुमच्याही छातीत होतो. चाळलेलं असेल तर नुसती भांडी पडली.

साठाव्या पानाच्या आसपास परीक्षा घ्या. मुख्य पात्राबद्दल तीन वाक्यं लिहा, पण रूप, हुद्दा आणि शक्ती यांचा उल्लेख न करता. 'चिडला की गप्प बसतो', 'उपकार घ्यायला लाजतो', 'मोठ्यांसमोर खोटं बोलतो' असं काही जमलं तर पुढे जा. जमलं नाही तर आणखी चाळीस पानं द्या. शंभरीलाही जमलं नाही तर पुस्तक बंद करा, दोष तुमचा नाही. देखणा, बलवान, जखमी भूतकाळ आणि राखाडी डोळे एवढ्याच भांडवलावर उभा केलेला नायक पहिल्या खंडात भुरळ घालतो, तिसऱ्यात त्याचं कौतुक वाचवत नाही.

जवळीक कुठे लपलेली असते

एक जागा म्हणजे वस्तू. पात्राच्या खिशात काय आहे यावर लक्ष ठेवा. हॅरी पॉटर दुसऱ्यांदा वाचणार असाल (परतीचा हाही एक चांगला मार्ग) तर हॅरीला सोडा आणि नेव्हिल लाँगबॉटमचा माग काढा. पहिल्या भागात तो हरवलेला बेडूक शोधणारा गबाळा मुलगा असतो. पाचव्या भागात रुग्णालयात त्याची भ्रमिष्ट आई त्याच्या हातावर च्युइंगगमचं रिकामं वेष्टन ठेवते. आजी म्हणते टाकून दे, तो गुपचूप खिशात घालतो. सातव्यात तलवार त्याच्या हाती येते तेव्हा ती चमत्काराने आली असं वाटत नाही. पहिल्या वाचनात बहुतेकांच्या नजरेतून हे वेष्टन निसटलेलं असतं.

दुसरी जागा सर्वनामांत, आणि इथे मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या दोन पावलं पुढे आहे. आपल्याला तू, तुम्ही, आपण यांतला फरक शिकवावा लागत नाही. 'द गॉब्लिन एम्परर'मध्ये पात्रं औपचारिक बोलताना स्वतःला 'आम्ही' म्हणतात, जिवाभावाच्या बोलण्यात 'मी', आणि जवळच्याला जुन्या इंग्रजीतलं 'दाऊ'. माया कुठे 'आम्ही'वरून 'मी'वर घसरतो तिथे पेन्सिलने टिंब करा. त्याचं एकटेपण त्या टिंबांच्या मधल्या अंतरात आहे. पहाऱ्यावर सोबत असणारा अंगरक्षक त्याला सांगतो की आम्ही तुमचे मित्र होऊ शकत नाही. ते वाक्य या सर्वनामांच्या अंगाने वाचलं की जास्त लागतं.

टोल्किनची गंमत याहून मोठी, पण ती शेवटी परिशिष्टात दडवलेली. हॉबिटांच्या गावच्या बोलीत आदरार्थी सर्वनाम जवळपास उरलंच नव्हतं. म्हणून पिपिन हा तरुण हॉबिट मिनास तिरिथ शहराच्या दरबारात साक्षात तिथल्या कारभाऱ्याला, डेनेथॉरला, 'अरे-तुरे' करत होता, आणि लोकांना वाटलं हा आपल्या मुलखातला कोणी बडा असामी असणार! इंग्रजीत हे दाखवताच येत नाही, लेखकाला टीप द्यावी लागली. पिपिन-डेनेथॉर भेट वाचताना हे डोक्यात ठेवा, पोराचा स्वभावच बदलून दिसतो.

तिसरं, प्रकरण संपलं की लगेच पान उलटू नका. पात्राने त्या प्रकरणात एखादा निर्णय घेतला असेल तर तिथेच थांबा, दिवा मालवा. उत्कंठेच्या टोकावर थांबणं अवघड जातं, हे खरं. तरी आठवड्यातून दोनदा करून बघा. आणि एखादा संवाद रोज मोठ्याने वाचा, अगदी कुजबुजत का होईना. आवाज वेगवेगळे ऐकू येत नसतील तर एकतर लेखकाने ते वेगळे लिहिलेले नाहीत, नाहीतर तुम्ही फार वेगाने चालला आहात.

भाषांतर की मूळ

ज्या भाषेत तुम्ही न थांबता हसता त्या भाषेत वाचा. टोल्किन मराठीत आहे: मुग्धा कर्णिक यांचं भाषांतर 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने. हॅरी पॉटरही आहे. दुकानात भाषांतर चाळताना पहिलं पान बघू नका, मालक-नोकराचा किंवा थोरला-धाकट्याचा संवाद असलेलं पान उघडा. सॅम फ्रोडोला नेमकं काय म्हणतो, अहो की अरे, आणि ते शेवटपर्यंत टिकतं का, यावर नातं उभं राहतं. मधेच ते बदलत असेल तर कारण कथेत आहे का ते पाहा. प्रॅचेट मात्र शक्यतो इंग्रजीतच. त्याचे निम्मे विनोद शब्दांच्या पोटात आणि तळटीपांत असतात.

लोकलमध्ये किंवा गाडी चालवताना ऑडिओबुक ऐकणार असाल तर पहिले दोन तास मूळ वेगानेच ऐका. वाचून दाखवणारा प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देतो तो कानात बसायला तेवढा वेळ लागतो. दीडपट वेगात सगळेच बावचळलेले वाटतात. नावं लिहिलेली दिसत नाहीत, म्हणून वहीचं पान इथे जास्त गरजेचं.

हमखास बिघडतं ते

पात्राचं नाव नेटवर शोधू नका. शोधाच्या चौकटीत नावापुढे 'मृत्यू' असा शब्द आपोआप उमटतो आणि आठशे पानांचं रहस्य अर्ध्या सेकंदात संपतं. शंका आली तर वहीत प्रश्न लिहा, पुस्तक संपल्यावर शोधा.

सिनेमा आधी पाहिलेला असेल तर नटाचा चेहरा पुसला जाणार नाही, त्याच्याशी भांडू नका. सिनेमाने ज्याला बदललं त्याच्यापासून सुरुवात करा. टोल्किनच्या सिनेमातला सेनानी फारामिर फ्रोडोकडच्या जादूच्या अंगठीच्या मोहात पडून त्याला ऑस्गिलिआथ शहरापर्यंत ओढत नेतो. पुस्तकातला फारामिर ती अंगठी वाटेत पडलेली सापडली तरी उचलणार नाही म्हणतो, आणि शब्द पाळतो. तो माणूस फक्त पुस्तकातच भेटतो.

आवडतं पात्र मधेच गायब होतं, आणि वाचक वैतागून पुढची पानं उलटत त्याला शोधतो. हे जवळपास प्रत्येक मोठ्या मालिकेत होतं, आधीच माहीत असलेलं बरं. टोल्किनच्या दुसऱ्या खंडाच्या पूर्वार्धात फ्रोडो आणि सॅम दिसतच नाहीत. अर्थसीच्या दुसऱ्या भागात गेड बऱ्याच उशिरा येतो, तोवर टेनार नावाच्या मुलीच्या अंधारात तुम्हाला राहावं लागतं. पाने उलटणाऱ्याची टेनार हुकते, आणि मग चौथा भाग 'टेहानू' वाया जातो. तिसऱ्या भागानंतर तब्बल १८ वर्षांनी, १९९० मध्ये ले ग्विन त्या जगात परतली तेव्हा टेनार मध्यमवयीन विधवा होती, गेडची जादू संपलेली होती, आणि घरात भाजलेली एक पोर होती. परतलेल्या वाचकासाठी याहून नेमकं पुस्तक फँटसीत आम्हाला माहीत नाही, पण ते आधीचे तीन वाचल्याशिवाय उघडू नका.

संपल्यावर

मोठं पुस्तक संपलं की चार-आठ दिवस दुसरं काही गोड लागत नाही. त्या भरात लगेच दुसरी महामालिका घेऊ नका. नव्या माणसांची जुन्यांशी तुलना होते आणि नवी बिचारी हरतात. मध्ये एखादं वेगळ्या जातीचं, दीड-दोनशे पानांचं पुस्तक घ्या, किंवा त्याच पुस्तकाची पहिली वीस पानं पुन्हा वाचा. ज्यांची नावं तेव्हा लिहून ठेवावी लागली ती माणसं आता दारात उभी असलेली दिसतात.

अर्धवट मालिकांचं दुखणं वेगळं. जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चा पाचवा खंड २०११ मध्ये आला, त्यानंतर सहाव्याची वाट बघणारे पहिल्या खंडापासून सगळं पुन्हा वाचायला घेतात आणि दमतात. त्याच्या बहुतेक प्रकरणांना पात्रांचीच नावं असतात, त्याचा फायदा घ्या. एकच माणूस निवडा आणि फक्त त्याचीच प्रकरणं सलग वाचा. आमची शिफारस डाव्होस सीवर्थ: पूर्वाश्रमीचा चोरटा दर्यावर्दी, मालकाने शिक्षा म्हणून छाटलेल्या बोटांची हाडं थैलीत घालून गळ्यात बाळगणारा, आणि उतारवयात, अक्षरं गिरवणाऱ्या पोरांच्या पंगतीला बसून वाचायला शिकणारा. पाच खंडांत मिळून त्याची १३ प्रकरणं आहेत, दुसऱ्या खंडापासून सुरू होतात. रोज एक घेतलं तर दोन आठवड्यांच्या आत होतात. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर आधीच कागदी खूण चिकटवून ठेवा, म्हणजे मधल्या राजे-राण्यांकडे नजर जाणार नाही.